शृंगारतळीचा मोबाईलचा क्लास: एका रिटायर कंडक्टरचा अभिप्राय

आधी भाड्याचं सांगतो, म्हणजे चढायचं की नाही ते ज्याचं त्याला ठरवता येईल. 12 दिवस, रोज एक तास, 600 रुपये. वेळ दुपारी 3 ते 4. नाही जमलं तर पुढच्या बॅचला परत बसा, त्याचे पैसे नाहीत. जागा गुहागर तालुक्यातल्या शृंगारतळीच्या बाजारपेठेत, मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर. खाली नवरा फोन उघडून बसलेला असतो, वर बायको क्लास घेते. पाटी वगैरे नाही. काचेवर हाताने लिहिलेला कागद आहे, "मोठ्या माणसांना मोबाईल शिकवला जाईल". मला आधी वाटलं, मोठी माणसं म्हणजे सरपंच, सभापती.

मी एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो. 2014 ला सुटलो, आता वय 69. राहायला गुहागरला खालच्या पाटात. घरात स्मार्टफोन आला त्याला आठ वर्षं झाली. पहिला मुलीने वापरलेला दिला, मग नवा घेऊन दिला. त्यावर मी करायचो काय, तर सकाळी आलेली फुलं पुढे पाठवायची, नातवाचा व्हिडिओ कॉल घ्यायचा, मॅचचा स्कोअर बघायचा. बाकी प्रत्येक कामाला एकच वाक्य, "जरा बघ रे". शेजारच्या पोराला, दुकानदाराला, गाडीत बाजूला बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. आणि हे म्हणताना फोन लॉक काढून त्याच्या हातात.

हे कोण करत होतं, तर ज्याला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की ट्रे आणि बॅग हातातून सोडायची नाही. तिकिटांचा ट्रे म्हणजे पैसेच. हिशेबात कमी आलं तर वेबिलात तूट, आणि तूट आपल्या पगारातून. वस्तीच्या गाडीला गेलो की देवळाच्या पडवीत बॅग उशाखाली घेऊन झोपायचो. ड्रायव्हर कितीही जवळचा असला तरी बॅग त्याच्याकडे दिली नाही कधी. शेवटची चार-पाच वर्षं तिकिटाचं मशीन आलं, तेही गळ्यातच. आणि रिटायर झाल्यावर हाच माणूस बँकेचा फोन कुणाच्याही हातात देत सुटला.

त्याचं फळ मिळालंच. आमच्या काजूच्या बागेचा सातबारा लागतो अधूनमधून. फॉर्म भरायच्या एका दुकानात जायचो (कुठल्या ते विचारू नका, माणूस रोज समोर भेटतो). त्याने माझ्या नावाने खातं उघडून दिलं आणि चिठ्ठीवर युजरनेम लिहून दिलं. दर वेळचे 50 रुपये. डिजिटल सहीचा सातबारा 2018 पासून ऑनलाइन मिळतो आणि त्याची फी 15 रुपये आहे, हे मला क्लासातच कळलं. म्हणून एका संध्याकाळी घरी स्वतः काढायला बसलो. ओटीपी पाठवला आहे असं स्क्रीनवर आलं. मी वाट बघतोय. दहा मिनिटं झाली तरी फोन गप्प. मग बघितलं तर ज्या नंबरावर ओटीपी गेला होता तो माझा नव्हताच. खातं माझ्या नावाचं, नंबर त्याचा. लबाडी होती असं मी म्हणणार नाही, त्याचं काम झटपट व्हावं म्हणूनच केलं असेल. पण माझ्याच बागेच्या कागदासाठी मी तीन वर्षं त्याच्या दारात उभा राहत होतो, तो याचमुळे.

तर क्लास. पहिल्या दिवशी मॅडम दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली. माझ्या धाकटीपेक्षा लहान आहे, पण वर्गात मॅडमच. आम्हाला ती काका, मावशी म्हणते. म्हणाली, "बारा दिवसांत मी तुमच्या मोबाईलला एकदाही हात लावणार नाही. आणि तुम्ही एकमेकांच्याही लावायचा नाही." तिच्या हातात खराट्यातून उपसलेला माडाचा हीर असतो. कुठे दाबायचं ते ती हिराने दाखवते. हिराने स्क्रीन चालत नाही, कितीही टेकवला तरी काही उघडत नाही. बोट आपलंच लावावं लागतं.

पहिले तीन दिवस मला या हिराचा भयंकर राग आला. जे तिने दोन सेकंदांत केलं असतं त्याला मला वीस मिनिटं लागायची, आणि ही बाई नुसती हीर धरून उभी. एकदा म्हटलंच, "अगं करून दे ना, गाडी चुकेल माझी." तर म्हणते, "चुकू दे काका. पुढची आहे ना पावणेपाचला." कंडक्टरला टाइमटेबल सांगते! आणि बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी फोन मराठीत केला आणि अक्षरं मोठी केली. ही एवढीशी गोष्ट आठ वर्षांत मला कुणी सांगितली नव्हती. चष्मा बदलायला चिपळूणला जाणार होतो, तो खर्च वाचला. म्हणजे 600 तिथेच वसूल.

वर्गात आम्ही नऊ जण. त्यातल्या तिघांचं सांगतो, बाकीचे माझ्यासारखेच.

पालशेतची मासे विकणारी मावशी. अक्षरओळख नाही, पण आकडा कधी चुकत नाही. ती फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायची आणि पिशवीवरूनच दाबायची, कारण ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही. कधी नुसती थरथरते, कधी भलतंच उघडते. मॅडमने तिला पहिल्यांदा शिकवलं ते हे, की पैशाचं बटण दाबण्याआधी बोट पदराला पुसायचं. तिच्या पाटीशेजारी पैसे आले की बोलणारा तो डबा आहे. मे महिन्यात एका पर्यटकाने बाराशेची सुरमई घेतली, मोबाईलवर हिरवी टिकली दाखवली, "झालं बघा मावशी" म्हणाला आणि गेला. डबा बोलला नाही. हिला वाटलं, चार्जिंग संपलं असेल. पैसे आलेच नव्हते. तसली टिकली दाखवणारी खोटी अ‍ॅप असतात म्हणे. आता ती स्वतःच्या फोनमध्ये स्वतःचं खातं उघडून आकडा बघते, मगच पिशवी देते. मला म्हणाली, "माझा डबा बोल्ला तर पैसे आले. त्याचा मोबाईल काय पन दाखवंल." लिहिता येत नाही म्हणून मॅडमने तिला माइकचं बटण दाखवलं. ती बोलते आणि फोन मराठीत लिहितो. पहिल्यांदा तिचं नाव स्क्रीनवर उमटलं तेव्हा मावशीने फोन उलटा करून मागे काय आहे ते बघितलं.

दुसऱ्या वेळणेश्वरच्या वहिनी. घरगुती राहण्याची-जेवणाची सोय आहे त्यांची, तीन खोल्या. डिसेंबरात एक फोन आला. लष्करातला अधिकारी आहे, पाच जण येणार, दोन खोल्या हव्यात, आगाऊ रक्कम आत्ताच पाठवतो. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. मग म्हणाला, आमचा पैसे पाठवायचा नियम वेगळा असतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात जमा होतील. वहिनींनी पिन टाकला. 8000 गेले. पुन्हा फोन आला, चुकून झालं, परत स्कॅन करा, दोन्ही रकमा मिळतील. तेव्हा कुठे त्यांच्या यजमानांनी फोन हिसकावला.

वहिनी हे सांगताना खाली बघत होत्या. मॅडमने त्यांना एका शब्दाने बोल लावला नाही. फळ्यावर एवढंच लिहिलं, "पैसे जाताना पिन. येताना पिन नाही." यूपीआय 2016 पासून आहे, रोज नारळ-भाजीला लोक वापरतात, पण हे एवढ्या सोप्या शब्दांत मी कुठे ऐकलं नव्हतं. मी आपलं माझ्या पद्धतीने लक्षात ठेवलं. चढणाऱ्याला तिकीट लागतं, उतरणाऱ्याला लागत नाही. उतरताना कुणी तिकीट मागायला लागला तर तो कंडक्टर नव्हे.

वहिनींनी तक्रार केली ती तिसऱ्या दिवशी, लाजेपायी. मॅडमने सगळ्यांकडून 1930 हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून घेतला. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा हा सरकारी नंबर. फसलात तर घरच्यांना सांगायच्या आधी तिथे आणि बँकेत फोन करायचा, कारण ते पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात आणि जेवढ्या लवकर कळवाल तेवढी कुठेतरी अडवता येण्याची शक्यता. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियमही तिने सांगितला. पिन किंवा ओटीपी आपणच देऊन बसलो असलो, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. वहिनींनी विचारलं, "म्हणजे मी आधी बँकेत जायला हवं होतं, आणि मी आधी देवीला गेले." कुणी हसलं नाही.

तिसरे गुरुजी. हायस्कूलचे रिटायर मुख्याध्यापक. हे क्लासला आले ते बायकोला सोबत म्हणून, असं स्वतः सांगायचे. "डिजिटल अरेस्ट"चा विषय निघाला, म्हणजे पोलिसांच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येऊन तुम्हाला घरातच अटक केली म्हणून सांगतो आणि तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवून खातं रिकामं करवतो. आपल्या कायद्यात असलं काही नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी "मन की बात"मध्ये हेच सांगितलं होतं. गुरुजी म्हणाले, "शिकलेला माणूस याला फसतोच कसा, हे मला समजत नाही."

मॅडम काही बोलली नाही. दोन दिवसांनी दुपारी सव्वातीनला सगळ्यांच्या फोनवर एकदम मेसेज वाजला. "आपले मागील महिन्याचे वीज बिल भरलेले नाही. आज रात्री 9:30 वाजता कनेक्शन तोडण्यात येईल. त्वरित खालील अधिकाऱ्याशी संपर्क साधा." मावशीने वाचून घेतला आणि सोडून दिला, तिच्या घरचं बिल भरलेलं होतं. मी विचारात. गुरुजी तरातरा उठून जिन्यापाशी गेले आणि फोन लावला. रिंग खाली दुकानातच वाजायला लागली. पोटमाळ्याच्या फळ्यांतून स्वच्छ ऐकू येत होती. मॅडमच्या नवऱ्याने उचलला आणि म्हणाला, "बोला गुरुजी, चहा पाठवू का?"

गुरुजींनी तो चहा सगळ्यांना पाजला आणि पुढचे दिवस बायकोच्या मागच्या बाकावर बसले. मला या माणसाबद्दल तेव्हापासून आदर आहे.

आता माझ्या हयातीच्या दाखल्याचं. माझी पेन्शन ईपीएस-95 ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडवाल्यांची. रक्कम सांगण्यासारखी नाही, पण वर्षाचा दाखला चुकला तर तीही थांबते. माझी दाखला द्यायची वेळ नोव्हेंबरात येते. आजवर मशीनवर अंगठा लावून द्यायचो आणि अंगठा लागायचा नाही. तिकिटं फाडून रेषा गेल्या की वयाने, देव जाणे. दहाही बोटं आळीपाळीने लावून बघायची, कधी करंगळीजवळच्या बोटावर लागायचं. आमच्या वर्गात काजूच्या फॅक्टरीत बी फोडणारी एक बाई होती, तिचं तर त्याहून वाईट. टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी जळून गुळगुळीत झालेली. रेशनच्या दुकानातलं मशीन तिला ओळखायलाच तयार नसायचं.

आता चेहऱ्यावरून होतं. त्याला दोन अ‍ॅप लागतात, एक जीवन प्रमाण आणि एक आधार फेस आरडी. दुसरं टाकलं तरी ते स्क्रीनवर कुठे दिसत नाही, आतून चालतं. मी ते तीनदा काढून तीनदा टाकलं, हे नंतर कळलं. मग अ‍ॅप आधी ऑपरेटरचा चेहरा मागतं आणि त्यानंतर पेन्शनरचा. ऑपरेटरही मीच, पेन्शनरही मीच. एसटीत याला चालक तथा वाहक म्हणतात.

पहिल्या प्रयत्नाला पोटमाळ्यावर उजेड कमी. दुसऱ्याला खिडकीकडे पाठ होती, चेहरा काळा. तिसऱ्याला चष्मा. चौथ्याला स्क्रीनवर डोळ्यांची उघडझाप करा असं आलं आणि मी डोळे मिटून बसलो, उघडायचे कधी ते मिटलेल्या डोळ्यांना दिसेना. मावशी मागून ओरडली, "उगड की वो!" पाचव्याला जिन्याच्या तोंडाशी, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो, हिरवा गोल फिरला, आणि दाखल्याचा नंबर आला. मॅडम हात मागे बांधून हसत होती. मी सगळ्यांना पुन्हा एकदा चहा सांगितला. हा क्लास चहावाल्याला फार फायद्याचा आहे.

काजूवाल्या बाईचं रेशनचं ई-केवायसीही मग चेहऱ्यावरूनच झालं, तिच्या स्वतःच्या फोनवर, दुसऱ्याच प्रयत्नात. ती माझ्यासारखा वाद घालत नाही.

थोडं विषयांतर. सरकारनेही 2017 मध्ये पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढलं होतं. 20 तासांचं फुकट शिक्षण, 6 कोटी घरांचं लक्ष्य. मार्च 2024 मध्ये ते संपलं. पण त्यात घरटी एकच माणूस घ्यायचे आणि वय 14 ते 60. मी तेव्हा 61 चा. आमच्या घरातून पुतण्या गेला, ज्याला सगळं आधीच येत होतं. म्हणून 69 व्या वर्षी 600 रुपये.

आता दोष सांगतो, नाहीतर म्हणाल दुकानाची जाहिरात केली.

जिना फार वाईट आहे. उभा, कठडा एकाच बाजूला आणि तोही दोरीचा. गुडघे दुखणाऱ्याने विचार करून यावं. खालून ग्राहकांचे मोबाईल वाजून बघण्याचा गोंगाट सतत. बारा दिवसांतले दोन वीज गेल्याने फुकट गेले, त्यांचे बदली तास दिले खरे, पण मला त्यासाठी गाडीभाडं पुन्हा पडलं. 65 वर्षांवर अर्धं तिकीट असलं तरी पडतंच ना. शेवटी वाटलेला कागद चांगला आहे, पण अक्षर इतकं बारीक की मी त्याचा फोटो काढून मोठा करून वाचतो. (हे मात्र क्लासातच शिकलो.) फोटो साठवायचा भाग अकराव्या दिवशी धावतपळत उरकला. आणि ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद मोबाईलवरून करणं, शिकवलीच नाही. 2021 पासून ती शेतकऱ्याने बागेत उभं राहून स्वतः फोटो काढून करायची असते, आमच्यासारख्यांना तीच हवी. मॅडम म्हणते, पोटमाळ्यावर बाग कुठून आणू. ते उत्तर मला पटलेलं नाही, एक दिवस वर्ग बागेत नेता येईल.

सगळ्यात मोठी तक्रार ओटीपीची. बारा दिवस फळ्यावर कोपऱ्यात एक ओळ कायम होती, "ओटीपी कुणालाही सांगायचा नाही". आम्ही ती रोज मोठ्याने म्हणायचो, पसायदान म्हणावं तशी. क्लास संपून आठवडा झाला असेल, दाराशी एक पोरगा मोटरसायकलवर आला. "काका, पार्सल आहे, ओटीपी सांगा." मी म्हटलं, सांगणार नाही. तो म्हणाला, त्याशिवाय देता येत नाही. मी म्हटलं, हेच सगळे म्हणतात. त्याने पार्सलवरचं माझं नाव दाखवलं. मी म्हटलं, नाव काय, वहिनींना तर ओळखपत्र दाखवलं होतं. त्याने कपाळावर हात मारला. वर मी त्याच्या गाडीच्या नंबराचा फोटो काढला आणि 1930 लावू का विचारलं. पोरगा पार्सल घेऊन गेला.

संध्याकाळी मुलीचा फोन. मधुमेहाच्या पायांसाठी खास बूट मागवले होते तिने, मला सांगायचं नव्हतं, वाढदिवसाला द्यायचे होते.

मॅडमला जाऊन सांगितलं. आधी ती जिन्यात बसून हसली, मग गंभीर झाली आणि ती ओळ पुसून खाली बसली विचार करत. शेवटी म्हणाली, "काका, मेसेज उघडा आणि ओटीपीच्या मागची-पुढची वाक्यं वाचा." वाचली. इंग्रजीत होती, वेळ लागला. त्यात स्पष्ट होतं की हा नंबर पार्सल हातात मिळाल्यावर आणणाऱ्याला द्यावा. बँकेचा मेसेज काढला, त्यात रक्कम होती आणि कुणालाही देऊ नका असं होतं. मग आम्ही दोघांनी मिळून माझ्या फोनमधले जुने अकरा ओटीपी वाचले, कुठला कशाचा. पुढच्या बॅचला हा एक वेगळा तास ठेवणार आहे म्हणाली. मी फुकटात परत बसणार आहे.

पाचपैकी चार. एक जिन्याचा कापला.

बूट अजून चिपळूणला आहेत.